अरुंद टाळू, एक्सपांडर आणि मुलांचा श्वास: माहिती आणि अनुभव हवेत

चांदणवेल
माझी मुलगी आठ वर्षांची आहे. वरचे पुढचे चार कायमचे दात आलेत, दुधाच्या दाढा अजून आहेत. ऑर्थोडॉन्टिस्टनी (दात-जबड्याची ठेवण सुधारणाऱ्या दंतवैद्यांनी) तपासून सांगितलं की वरचा जबडा अरुंद आहे. उजवीकडच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आतून बसतात आणि तोंड मिटताना तिची हनुवटी उजवीकडे सरकते. त्यासाठी टाळूला एक्सपांडर, म्हणजे जबडा हळूहळू रुंद करणारं उपकरण, बसवायचा. इथवर सगळं कळलं. मग त्यांनी विचारलं, "ही तोंड उघडं टाकून झोपते का?" झोपते. बहुतेक रात्री घोरतेही. "मग श्वासालाही फायदा होऊ शकेल," असं ते म्हणाले.

घरी येऊन वाचायला बसले आणि डोकं गरगरलं. एकीकडे लिहिलंय की एक्सपांडर लावला की घोरणं, चिडचिड, अंथरूण ओलं करणं, अभ्यासात लक्ष नसणं, सगळं जातं. दुसरीकडे लिहिलंय की ही निव्वळ फसवणूक. दाढांसाठी हे करायचंच आहे, त्याबद्दल फार शंका नाही. पण श्वासाचं काय? आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं का? त्रास किती होतो? आणि आणखी काही वर्षं थांबलं तर काय बिघडतं? ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी आणि इथल्या डॉक्टर मंडळींनी कृपया सविस्तर लिहा.

रातराणी
माझ्या मुलाला नवव्या वर्षी बसवला होता, त्यामुळे त्रासाचं मी सांगू शकते. बसवताना दुखत नाही. दाढांभोवती धातूच्या कड्या सिमेंटने चिकटवतात आणि त्यांना जोडलेला स्क्रू टाळूखाली मधोमध येतो. पहिले काही दिवस तोंडात लाळ साचते, 'स' आणि 'श' नीट उमटत नाहीत, गिळताना जीभ अडखळते. आम्ही त्याला रोज मोठ्याने वाचायला लावलं, त्याने जीभ लवकर रुळली.

खरं काम स्क्रू फिरवायच्या चावीचं. मुलाला पाठीवर झोपवायचं, मान थोडी मागे. कपाळाला बांधायची बॅटरी असेल तर फार बरं, दोन्ही हात मोकळे राहतात. स्क्रूच्या मधल्या भागात एक बारीक भोक दिसतं. चावीची तार त्यात घालून पुढून मागे, घशाच्या दिशेने ढकलायची, पुढचं भोक पूर्ण दिसेपर्यंत. मग चावी त्याच दिशेने, मागे सरकवत काढायची. इथे घाई झाली की चावी निघताना स्क्रू थोडा उलटा येतो, नवं भोक अर्धंच दिसतं आणि पुढच्या वेळी चावी आत जात नाही. चावीला दोरा हवाच, आणि दोऱ्याचं टोक आपल्या मनगटाला गुंडाळलेलं. चावी घशात पडली तर काय, ही भीती तेवढ्याने जाते.

फिरवल्यावर त्याला नाकाच्या मुळाशी आणि डोळ्यांच्या मध्ये दाब जाणवायचा, थोड्या वेळात ओसरायचा. आणि एक आधीच सांगून ठेवते: पुढच्या दोन दातांत चांगली फट पडते. शेजारीपाजारी "दात बिघडवले की हो" म्हणतील. मनावर घेऊ नका, मुलीलाही आधीच सांगून ठेवा.

दातांची_डॉक्टर
मी ऑर्थोडॉन्टिस्ट आहे. रातराणी यांनी चावीचं इतकं नेमकं लिहिलंय की माझ्याकडे येणाऱ्या पालकांना हेच वाचायला द्यावं असं वाटलं.

ती फट पडते कारण टाळू म्हणजे एकसंध हाड नाही. वरच्या जबड्याची डावी-उजवी हाडं मधल्या रेषेत एका सांध्याने जोडलेली असतात. लहान वयात हा सांधा जवळजवळ सरळ असतो. वय वाढतं तसे दोन्ही कडांना दाते फुटतात आणि ते एकमेकांत गुंततात, दोन्ही हातांची बोटं गुंफावीत तसे. गुंफण सैल असेपर्यंत स्क्रूच्या दाबाने सांधा उघडतो, पुढचे दोन दात दोन वेगळ्या हाडांवर असल्याने लांब जातात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत नवं हाड भरतं. फट दिसणं म्हणजे सांधा उघडल्याची खूण. हिरड्यांमधले तंतू दातांना पुन्हा जवळ ओढतात, त्यामुळे ती बऱ्याच अंशी आपोआप मिटते.

चावीचा एक फेरा म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. रोज एक किंवा दोन फेरे, असं दोन-तीन आठवडे. नंतर स्क्रू पक्का करून एक्सपांडर तसाच सहा महिन्यांच्या आसपास ठेवतात. पालकांना हा काळ निरर्थक वाटतो, "आता फिरवत नाही, मग काढून टाका ना" असं सगळे म्हणतात. पण हाड भरतं ते याच काळात. लवकर काढलं तर जबडा बराचसा पुन्हा अरुंद होतो.

उपाय नवा नाही. इमर्सन एंजेल या अमेरिकन दंतवैद्याने १८६० साली एका १४ वर्षांच्या मुलीचा जबडा स्क्रूने रुंद केल्याचं प्रसिद्ध केलं. हाडांचा सांधा असा उघडतो हे तेव्हा अनेकांना पटलंच नाही. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये, अँड्र्यू हास यांनी प्राण्यांवरचे प्रयोग आणि रुग्ण दोन्ही मांडले, तेव्हा तो नीट रुजला.

आता श्वास. टाळूची खालची बाजू म्हणजे तोंडाचं छत आणि वरची बाजू म्हणजे नाकाचा तळ. त्यामुळे टाळू रुंद झाली की नाकाची पोकळीही रुंदावते. पण स्क्रू जितका उघडतो तितकी नाही. सांधा पाचरीसारखा उघडतो, दातांपाशी जास्त आणि वर नाकाकडे कमी. पुढे जास्त आणि मागे कमी. नाकातला हवेला होणारा बराचसा अडथळा पुढच्याच भागात असतो, म्हणून थोड्या रुंदीनेही काही मुलांना फरक जाणवतो. शिवाय अरुंद, उंच टाळूत जिभेला वर टेकायला जागा नसते, ती खाली आणि मागे राहते. रुंदी वाढली की तिला जागा मिळते.

शंकासुर
डॉक्टर, यंत्रणा समजली. पण "फरक जाणवतो" आणि "आजार बरा होतो" यांत अंतर आहे. पुरावा काय आहे?

मी थोडं वाचलंय ते मांडतो. सगळीकडे दाखला दिला जातो तो २००४ च्या इटलीतल्या अभ्यासाचा, पिरेली आणि सहकाऱ्यांचा. झोपेत श्वास अडणारी, जबडा अरुंद असलेली ३१ मुलं. झोपेत दर तासाला श्वास थांबण्याचे किंवा उथळ होण्याचे प्रसंग मोजतात, त्या आकड्याला एएचआय म्हणतात. तो सरासरी १२.२ वरून एकच्या खाली आला. आकडा बघून कोणीही हुरळेल. पण दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, त्या मुलांचे ॲडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) वाढलेले नव्हते, तशीच मुलं निवडली होती. दोन, उपचार न केलेल्या मुलांचा तुलनेसाठी गट नव्हता.

तुलनेचा गट का लागतो? २०१३ मध्ये अमेरिकेत ४६४ मुलांवर एक मोठी चाचणी झाली, पाच ते नऊ वर्षांची मुलं. अर्ध्यांचे टॉन्सिल-ॲडेनॉइड लगेच काढले, अर्ध्यांवर नुसती देखरेख ठेवली. सात महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सामान्य आली. आणि ज्यांची शस्त्रक्रिया केली नव्हती त्यांच्यातल्याही ४६ टक्के मुलांची! म्हणजे वाढत्या वयात जवळजवळ निम्म्या मुलांचा आकडा काहीही न कापता सुधारला. अशा वेळी फक्त "आधी" आणि "नंतर" दाखवून श्रेय कोणत्याही उपायाला देता येतं, एक्सपांडरलाही. ज्या पालकांची झोप उडालेली असते त्यांच्यापुढे असे अर्धे आकडे ठेवणं मला फार चुकीचं वाटतं.

कानघसा
शंकासुर यांचा मुद्दा योग्य आहे. मी नाक-कान-घशाचा सर्जन आहे. त्या चाचणीतली आणखी एक बाजू जोडतो: ४६ टक्के हे सौम्य ते मध्यम त्रासाच्या मुलांचे आहेत, फार तीव्र त्रास असलेली मुलं त्यात घेतलीच नव्हती. आणि तपासणीचा आकडा बाजूला ठेवला तरी वागणूक, लक्षणं, एकूण स्वास्थ्य यांत शस्त्रक्रियेचा गट पुढे होता. लक्ष देण्याच्या चाचण्यांत मात्र दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. म्हणून "आपोआप जाईल" असं म्हणून सगळ्यांनी स्वस्थ बसू नये.

चांदणवेल, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: हो, आधी दाखवा. मूल तोंडाने श्वास घेतं तेव्हा पहिला प्रश्न असा की अडलंय कुठे. नाकाच्या आतल्या अस्तराला ॲलर्जीने सूज असेल, नाकाच्या मागे ॲडेनॉइड वाढलेले असतील, घशात टॉन्सिल मोठे असतील, नाकाचा पडदा वाकडा असेल, किंवा नाक खरोखरच अरुंद असेल. एक्सपांडर यांतल्या शेवटच्या कारणावर काम करतो. ॲडेनॉइड बसतात नाकाच्या अगदी मागे, मऊ टाळूच्या वर. दाढांमधला स्क्रू कितीही फिरवला तरी तिथली गाठ तिथेच राहते. मुलांच्या घोरण्यामागे टॉन्सिल-ॲडेनॉइड हे सगळ्यात नेहमीचं कारण असतं, आणि श्वास अडण्याचा आजार त्यांच्यामुळे असेल तर पहिला उपचार त्यांचाच.

तपासणीला येण्यापूर्वी एक करा. मुलगी गाढ झोपेत असताना, शक्यतो पहाटेच्या सुमारास, छाती आणि चेहरा दोन्ही दिसतील असा मोबाइलवर व्हिडिओ घ्या, आवाजासकट. छाती वर उचलली जातेय पण हवा जात नाही, मग एकदम धाप लागल्यासारखा श्वास, असं दिसतंय का पाहा. मान मागे टाकून झोपते का, घामाने डोकं भिजतं का, सकाळी डोकं दुखतं का, कोरडं अंथरूण राहायला लागल्यावर पुन्हा ओलं व्हायला लागलंय का, हे लिहून आणा. झोप न झालेलं मोठं माणूस पेंगतं, मूल उलट जास्त चळवळं आणि चिडकं होतं. त्यामुळे "दिवसभर तर टुणटुणीत असते" हे ऐकून आम्ही निश्चिंत होत नाही.

आणि स्लीप स्टडीचा, म्हणजे रात्रभर झोपेत श्वास मोजणाऱ्या तपासणीचा, कागद हातात आला तर मोठ्यांचे निकष लावू नका. प्रौढांत एएचआय दर तासाला पाचपर्यंत सामान्य धरतात. मुलांत एकच्या वर गेला की आम्ही लक्ष देतो.

मोकळाश्वास
मला वाटतं आपण फार सावध बोलतोय. आजकालच्या मुलांचे जबडेच लहान झालेत. नाक बंद राहिलं की चेहरा लांबट होतो, जबडा अरुंद होतो, हे हार्वोल्ड या संशोधकांनी माकडांवर प्रयोग करून दाखवलंय. मग प्रत्येक तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाला लहानपणीच एक्सपांडर लावून का टाकू नये? नुकसान तर काही नाही. आमच्या ओळखीत क्रॉसबाइट (वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसणं) नसलेल्या मुलांनाही लावलाय, पालक खूश आहेत.

दातांची_डॉक्टर
नुकसान आहे, म्हणून ठामपणे लिहिते.

वरचा जबडा खालच्याच्या मानाने अरुंद नसताना तो रुंद केला तर वरच्या दाढा खालच्यांच्या बाहेर जातात आणि आधी नसलेला बिघाड तयार होतो. दाढा बाहेरच्या बाजूला कलतात. बाहेरचं हाड पातळ असेल तर हिरडी खाली सरकू शकते, मुळं थोडी झिजू शकतात. योग्य मुलात हे धोके छोटे असतात आणि फायदा मोठा, म्हणून ते पत्करतो. फायदाच नसेल तर ते कशासाठी पत्करायचे? अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेने २०१९ च्या श्वेतपत्रिकेत हीच भूमिका घेतली: जबड्याची रुंदी कमी असेल तर एक्सपांडर लावावा, केवळ श्वासाचा आजार बरा करण्यासाठी किंवा टाळण्यासाठी नाही. आणि श्वासाच्या आजाराचं निदान डॉक्टरांनी करावं, दंतवैद्याने नाही.

हार्वोल्ड यांच्या माकडांची नाकं पूर्ण बंद केली होती. मुलांचं नाक असं क्वचितच पूर्ण बंद असतं. लिंडर-आरोनसन यांनी १९७० च्या सुमारास स्वीडनमध्ये ॲडेनॉइडच्या मुलांचा अभ्यास केला. त्यांचे चेहरे सरासरीने लांबट आणि वरचे जबडे अरुंद होते खरे, पण लांबट चेहऱ्याची कितीतरी मुलं नाकाने उत्तम श्वास घेतात आणि तोंड उघडं ठेवणाऱ्या कितीतरी मुलांचे जबडे रुंद असतात. चेहरा पाहून निदान करायचं नसतं.

हे लिहिताना मला दुसऱ्या टोकाचीही तितकीच काळजी वाटते. एका बाजूच्या दाढा आत बसलेल्या मुलीला "थांबू, मोठी झाल्यावर बघू" म्हणणं चूक ठरेल. हनुवटी रोज एका बाजूला सरकत राहिली तर खालचा जबडा तसाच वाकडा वाढण्याची भीती असते. चांदणवेल यांच्या मुलीला एक्सपांडर लागणारच आहे, झोप कशीही असली तरी.

निळाई
मुलगा पंधरा वर्षांचा आहे. त्यालाही अरुंद जबडा सांगितलाय. उशीर झाला का?

दातांची_डॉक्टर
कदाचित नाही. त्या वयात सांधा किती जुळलाय हे मुलागणिक बदलतं, नुसत्या वयावरून सांगता येत नाही. त्रिमित एक्स-रे काढून सांध्याची अवस्था पाहतात. सांधा घट्ट असेल आणि नुसत्या दाढांवर जोर दिला तर हाड हलत नाही, दाढाच बाहेर झुकतात. म्हणून मोठ्या मुलांत टाळूच्या हाडात छोटे स्क्रू बसवून जोर थेट हाडाला देतात. त्याहून मोठ्या वयात शस्त्रक्रियेने हाड मोकळं करावं लागू शकतं. आठ-नऊ वर्षांचं वय यासाठी चांगलं म्हणतात ते यामुळे.

शंकासुर
एक शेवटची शंका. बसवण्याआधी आणि काढल्यानंतर स्लीप स्टडी करायची का? नाहीतर श्वासाचा फायदा झाला की नाही हे कळणार कसं?

कानघसा
नुसतं तोंड उघडं राहत असेल आणि व्हिडिओत काही नसेल तर सगळ्यांना लागत नाही. पण रोजचं घोरणं आणि श्वास थांबल्याचा संशय असेल तर आधी एक करावीच. ती नसेल तर पुढे "बरं वाटतंय" हे फक्त मत राहतं. आणि पहिली तपासणी बिघडलेली आली असेल तर उपचारानंतर पुन्हा करायची. घोरणं थांबलं तरी करायची, कारण आवाज गेला म्हणजे अडथळा गेला असं नसतं.

चांदणवेल
सगळ्यांचे मनापासून आभार. दाखवून आलो. नाकात दुर्बीण घातली तेव्हा ती माझा हात घट्ट धरून बसली होती, पण रडली नाही. ॲलर्जीची सूज बरीच आहे, ॲडेनॉइड मध्यम, टॉन्सिल लहान. नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे सुरू केलाय. व्हिडिओत दोनदा श्वास थांबल्यासारखा दिसला म्हणून स्लीप स्टडी आधी होईल. दोन्ही डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलले, आणि ठरलं की काही आठवडे स्प्रेचा परिणाम पाहायचा, त्यानंतर दाढांसाठी एक्सपांडर बसवायचाच. ॲडेनॉइडचं पुढे, तपासणी पाहून.

एक बारीक प्रश्न. ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणाले की एखादी कडी सुटली तर लगेच कळवा. ती सुटलीय हे आपल्याला कसं कळतं? आणि ती सुटली आणि चावी फिरवायची वेळ झाली तर?

रातराणी
आमची एकदा सुटली होती. चावताना 'टक्' असा आवाज यायचा आणि तो म्हणायचा, "आई, मागे हलतंय." जिभेने ढकलून बघायला सांगा, मुलांना अचूक कळतं.

दातांची_डॉक्टर
बरोबर. शिवाय ब्रश करताना रोज बॅटरीच्या उजेडात दोन्ही बाजूंच्या कड्या बघा. दाढ आणि कडी यांच्यामध्ये काळी रेघ दिसली, किंवा त्या बाजूने दुर्गंधी येऊ लागली, तर सिमेंट निघालंय असं समजा. आत अन्न साचून दाढ किडू शकते.

कडी सुटलेली असताना चावी फिरवू नका. जोर एकाच बाजूच्या दाढांवर जातो. ओढून काढायचाही प्रयत्न करू नका, दुसरी बाजू पक्की असते आणि दुखतं. फोन करून एक-दोन दिवसांत दाखवा. कडी पुन्हा चिकटवून घेऊन फेरे पुढे चालू करता येतात. मात्र एक्सपांडर पूर्ण सुटून हातात आला तर त्याच दिवशी जा, विशेषतः फेऱ्यांचे दिवस चालू असतील तर. तेव्हा टाळूत नवं हाड भरलेलं नसतं, आणि बाजू एकमेकींकडे झपाट्याने परत येतात. फेऱ्यांची नोंद तारखेसह लिहून ठेवत जा, म्हणजे कुठे थांबलो होतो ते आम्हाला लगेच कळतं.